दर तीन तासांनी

सकाळी सहा वाजता बंद दाराआडून बादली ओतल्याचा आवाज आला. मग बादलीची कडी खणकली. मग बाबांचं नेहमीचं, "चला, झालं!" चित्रलेखाला हायसं वाटलं. तिने पांघरूण कानांवर ओढून घेतलं. अजून तीन तास तरी अॅम्ब्युलन्स बोलवायची नव्हती.

मेलबर्नच्या क्रेगीबर्न उपनगरातलं हे घर घेताना मागच्या मालकाच्या हौसेचं तिला आणि तिच्या नवऱ्याला, यतिनला, भारी कौतुक वाटलं होतं. त्याने बॉयलर लावून खोलीखोलीतून गरम पाण्याचे पाइप फिरवून रेडिएटर बसवले होते. सोमवारी बाबांचा कोरोनाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि त्याच दिवशी नेमका त्यांच्याच खोलीतला पाइप गळायला लागला. पॉझिटिव्ह घर म्हटल्यावर प्लंबर म्हणाला, दोन आठवड्यांनी बघू. हीटिंग बंद करायची सोय नव्हती. मेलबर्नमधला ऑगस्ट म्हणजे ऐन हिवाळा, त्यात बाबांचा ताप.

मग यतिनने सायकलची जुनी ट्यूब कापून पट्टी केली, तारेचं भेंडोळं आणि पक्कड शोधली आणि सगळं दाराशी ठेवलं. बाबांनी, म्हणजे मुरलीधरपंतांनी, अंबरनाथच्या कारखान्यात बॉयलरवर अडतीस वर्षं काढली होती. जानेवारीत लेकीकडे तीन महिन्यांसाठी आले आणि विमानं बंद झाल्याने अडकले. त्यांनी आतून पट्टी गुंडाळली. धार थांबली, थेंब राहिले. खाली बादली लागली.

फोनवरच्या नर्सने सांगितलं होतं, त्यांना उठून वावरता येतंय तोवर घरी ठेवा; नाही जमलं तर लगेच अॅम्ब्युलन्स. बाबांना अॅम्ब्युलन्सचं नावही नको होतं. जूनमध्ये त्यांचा धाकटा भाऊ माधव अंबरनाथला स्वतःच्या पायांनी अॅम्ब्युलन्समध्ये चढला होता, वरच्या गॅलरीकडे बघून त्याने हातही केला होता. चौथ्या दिवशी घरच्यांना थेट स्मशानात बोलावलं. तोंड दाखवलं नाही. इथे बाबांना ते फोनवर कळलं.

"मला घरातच राहू दे, चित्रा," ते दाराआडून म्हणाले होते. "माझा माधव करू नकोस."

चित्रलेखा दाराला टेकून रडली होती. मग डोळे पुसून तिने अट घातली.

"दर तीन तासांनी बादली तुम्ही स्वतः तुमच्या बाथरूममध्ये ओतायची. मला इथे ऐकू आलं पाहिजे. एक जरी चुकली ना बाबा, तर मी सरळ ट्रिपल झीरो फिरवून अॅम्ब्युलन्स बोलावणार."

"नो वरीज," बाबा म्हणाले. इथे येऊन ते हे एवढंच इंग्रजी आवडीने शिकले होते.

तेव्हापासून घर त्या बादलीवर चालत होतं. आधी पाच-दहा मिनिटं पुढेमागे व्हायचं. एकदा तर ती फोन हातात घेऊन उभी होती आणि मग आतून आवाज आला. पण काल दुपारपासून मिनिटाचाही फरक नव्हता. "बघ, म्हातारा लायनीवर आला," यतिन म्हणाला. "शेवटी शिफ्टचा माणूस!" रात्री बाबांचा मेसेज आला होता : जेवण नको, झोपतो, बरा आहे. ताट दाराशी तसंच राहिलं. पण नऊची बादली वेळेवर ओतली गेली होती, तेव्हा तिनेही फार ताणलं नाही.

शनिवारी, त्याच सकाळी, ती उठून चहा टाकत होती. यतिन एकदम कपाळावर हात मारत उठला.

"अगं, काल संध्याकाळी बॉयलरमध्ये पाणी भरायचं विसरलोच! मीटिंग लांबली ना. प्रेशर पार शून्यावर आलं असणार."

गळक्या पाइपातून जेवढं पाणी जाई तेवढं तो सकाळ-संध्याकाळ नळ उघडून भरत असे. तो बॉयलरपाशी गेला आणि तिथूनच ओरडला, "गंमत बघ! काल सकाळी सोडला होता तिथेच काटा आहे. थेंबभरही गेलं नाही. बाबांनी लीक बंद केलं, चित्रा! मानलं बुवा!"

चित्रलेखा हसली. बॉयलरवाल्याची मुलगी होती ती, तिला बापाचा अभिमान वाटला. पुढच्याच क्षणी तिचं हसू विरलं.

"मग सहाला बादलीत ओतायला पाणी कुठून आलं?"

तिने गॅस बंद केला, मास्क न लावताच धावत गेली आणि दार ढकललं.

खोली छान उबदार होती. पाइपावर ट्यूबच्या पट्टीवरून मफलर फाडून घट्ट गुंडाळला होता आणि वर तारेचे वेढे होते, एकाशेजारी एक, मोजून पिळलेले. खाली बादली कोरडी ठणठणीत होती. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. तिने त्यांच्या खांद्याला हात लावला. एवढ्या उबेत तो गार होता. एक नाही, कितीतरी तासांपूर्वीचा गार.

"बाबा," ती म्हणाली. "अहो बाबा."

तेवढ्यात नऊ वाजले. उशीजवळचा फोन उजळला, त्यातून धबधब पाणी ओतलं गेलं, कडी खणकली आणि बाबा म्हणाले, "चला, झालं!"