उद्याची फाइल

गुरुवारी हेडक्लार्क चंपतराव वारले. छे, तसं काही झालेलं नाही. आज बुधवारच आहे.

हिंगण्याच्या कारखान्यातला नवाकोरा कॉम्प्युटर सुरू होताना रोज तारीख विचारायचा. टायपिस्ट गोपिकेनं चुकून उद्याची टाकली, आणि फ्लॉपीवर एक जास्तीची फाइल दिसली: चंपतरावांच्या शोकसभेची नोटीस. टाइप करणारीच्या जागी तिचंच नाव, टाइप केल्याची वेळ उद्या सकाळी साडेदहा. आजची तारीख टाकली की फाइल गायब, उद्याची टाकली की हजर.

"काय पाहून राहिली वं?" मागून चंपतरावांनी विचारलं.

तिला लपवता आलं नाही. त्यांनी चष्मा लावून नोटीस दोनदा वाचली.

"मले तर कोणी सांगितलंच नाही," ते म्हणाले.

गोपिकेनं घाईघाईनं फाइल पुसली. यादीत ती पुन्हा उभी, वेळ साडेनऊ. परत पुसली. साडेआठ.

"आता हात नोको लावू माय," चंपतराव हळूच म्हणाले.

मग त्यांनी कोरा कागद ओढला आणि वळणदार अक्षरात लिहिलं: "मा. मॅनेजर साहेब, उद्याची तारीख पुढील आदेश येईपर्यंत स्थगित ठेवावी, ही नम्र विनंती."