न नेलेले फोटो

बाबांचा शेवटचा दिवस नेहमीसारखाच गेला. ग्राहकांनी न नेलेले फोटो ते स्टुडिओत निवडत बसले होते. सिल्वासातल्या फोटोग्राफरांनी अशा फोटोंचं प्रदर्शन ठरवलं होतं: ज्याचा असेल त्याने न्यावा आणि जखमी जवानांसाठीच्या पेटीत मदत टाकावी. तेराव्यानंतर मी त्या प्रदर्शनाला गेले. एक बाई स्वतःच्या लग्नातल्या फोटोपुढे हसल्या, "अगं बाई, केवढी बारीक होते मी!" "म्हणूनच तुमचा पत्ता लागेना, वहिनी," बाबांचे मित्र परागकाका म्हणाले. मला त्यांनी शेवटच्या फलकाशी नेलं. तिथे बावीस वर्षांची, फुरंगटलेली मी होते. स्थळांना पाठवायला बाबांनी बळेच काढलेला फोटो. त्यावरून भांडून मी पुण्याला गेले, ती बाबा असेपर्यंत परतलेच नाही. खाली बाबांचं अक्षर: 'कुणालाही पाठवला नाही. तीच न्यायला येईल.' टाचण्या काढताना मी म्हणाले, "बाबा, माझा राग केव्हाच गेला होता."