तापाची बोळवण

सत्तावन्न सालच्या तापाच्या साथीत नथ्थूनं म्हाताऱ्या आईला, सुगंधाबाईला, शिवेवरच्या झोपडीत नेऊन टाकलं. म्हणे, "माय, तुह्या जिवासाठीच!" एकवीस दिवस बोलायला माणूस नाही, म्हातारी मोहाच्या झाडालाच सून समजून शिव्या घालू लागली.

साथ सरली. अख्खं गाव डफडं वाजवत तापाच्या मातेला गाड्यात घालून शिवेवर सोडायला आलं. म्हातारीनं घाईघाईनं गाठोडं बांधलं. गावानं मातेपुढं कोरी हिरवी साडी ठेवली अन् पाठ फिरवली.

"नथ्थू, मले घरी ने नं रे!"

नथ्थू थबकला.

"मांगं पाहू नोको," पुजारी ओरडला, "पीडा घरी येईल!"

नथ्थू झपाझप चालू लागला.



सुगंधाबाईनं मातेची साडी नेसली अन् निघाली त्यांच्या मागोमाग. घर येईपर्यंत एकानंही वळून पाहिलं नाही.