वीस पावलं मागे

अधिकारपत्र राजाच्या हाती दिलं की राजदूताने पाठ न फिरवता, उलटं चालत, वीस पावलांवरच्या दारापर्यंत यायचं, असा त्या महालाचा रिवाज. भलेभले तिथे अडखळत. नव्या राजदूत बाई मात्र एकदाही मागे न बघता सरळ रेषेत आल्या आणि बरोबर उंबरठ्यापाशी थांबल्या.

बाहेर आल्यावर शिष्टाचार अधिकाऱ्याने न राहवून विचारलं, "मॅडम, एवढी तालीम कुठे केलीत?"

"मी नाही केली. आईने केली, इथेच. तिलाच विचारा."

दाराशी खुर्चीत बसलेली म्हातारी फरशीवरची नजर न काढता म्हणाली, "पोटासाठी तुमच्या देशात आले आणि तेवीस वर्षं हीच फरशी पुसली. पुसलेल्यावर पाय पडू नये म्हणून उलटंच चालायचे. ही दारात बसून अभ्यास करायची आणि मी जवळ आले की ओरडायची, 'आई, उंबरठा!'"

मग तिने लेकीकडे पाहिलं.

"आज ओरडायला मी बसले होते. पण कार्टीने वेळच येऊ दिली नाही."