डंपरचं वजन

"बाई, तुमचं वजन किती?"

प्रश्न सुमतीचा नव्हताच. मागच्या बाकावरून चिमटे काढून काढून प्रेमिलाने तो विचारायला लावला होता. "हिंमत असंन तं विचारून दाखव!" गेल्या वर्षीची सुमती असती तर बाकाखाली शिरली असती. या वर्षीची ताडकन उभी राहिली आणि खणखणीत आवाजात विचारून मोकळी झाली.

खेळाच्या कौशल्याबाई चांगल्या भरदार होत्या. बाई हसल्या.

"शुक्रवारी तपासणीचे डॉक्टर येऊन राहिले. काट्यावर पहिले तू चढ, मंग मी चढते."

"माझं कायले, बाई? माझं तं पाठ आहे. छत्तीस किलो!"

पाठ असणारच. कोराडीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत दर रविवारी हा आकडा घेतला जाई. कारण होतं डंपर.

डंपर म्हणजे मॅस्टिफ जातीचं पिल्लू. दिवाळीनंतर बदली होऊन जाणाऱ्या इंजिनियरसाहेबांनी ते आपल्या फिटरच्या, म्हणजे सुमतीच्या बाबांच्या हवाली केलं होतं. पंजे भाकरीएवढे, कातडं दोन मापं मोठं. पहिल्याच दिवशी ते कोळशाच्या डंपरसमोर ठाण मांडून बसलं आणि हॉर्न वाजवला तरी हललं नाही. नाव तिथेच पडलं.

साहेबांनी जाण्याआधी त्याला शहरात जरीपटक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे दाखवून आणलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, ही जात फार मोठी होते. हाडं कच्ची असताना वजन भराभर चढलं तर पाय वाकतात, जन्माचा लंगडा होईल. जिना चढू द्यायचा नाही. आठवड्याला दीड किलोच्या वर वाढू द्यायचं नाही.

शहराच्या बसमध्ये कुत्र्याला घेत नसत. मग डंपरऐवजी त्याचा आकडाच डॉक्टरांकडे जाई. दर सोमवारी बाबा वही घेऊन निघत.

वजनाची रीत सोपी होती. सोसायटीच्या दुकानातल्या पोत्यांच्या काट्यावर पिल्लू थांबेना, म्हणून सुमती त्याला कवेत घेऊन चढे. दुकानदार नत्थूभाऊ आकडा सांगत. शाळेच्या कार्डावर जुलैत लिहिलेले सुमतीचे छत्तीस त्यातून वजा करून बाबा उरलेला आकडा वहीत लिहीत. मागे साखरेची रांग ओरडत असे, "उतरा नं लवकर!"

पहिला आकडा होता दहा. मग तो धावतच सुटला. बारा. चौदा. सोळा.

"अंडं बंद करा," डॉक्टर म्हणाले. अंडं बंद झालं. अठरा. "दूध अर्धं करा." दूध अर्धं झालं. वीस.

डंपरचं अंडं आणि दूध वाया कसं जाऊ द्यायचं? आईने ते सुमतीच्या ताटात सरकवलं. "खा वं. हाडं पहा कशी निघाली होती तुही." सुमतीला ते गिळवत नसे, कारण समोर डंपर बसलेला असे. रिकामी थाळी चाटून झाली की तो भिंतीचा चुना चाटे. रडायचा नाही. नुसता बघायचा.

"आई, त्याच्या बरगड्या दिसून राहिल्या."

"दिसू दे. हाड वाढून राहिलं असंन. काटा का खोटं बोलते?" आई सुमतीच्या स्कर्टची दुमड उसवत म्हणाली. या वर्षात तिसऱ्यांदा.

घर दुसऱ्या मजल्यावर. जिना बंद, म्हणून सुमतीच त्याला उचलून वर-खाली करी. सुरुवातीला मधल्या पायरीवर थांबावं लागे. आता एका दमात चढे. शेजारचे मारोतराव थट्टा करत, "तेवीस किलोचं कुत्रं अन् पोरगी अशी उडून राहिली! पहिलवान झाली गा आनंदराव तुही पोरगी."

सुमतीची छाती फुगे.

पण गेल्या रविवारी नत्थूभाऊंनी एकसष्ट सांगितले. वजा छत्तीस. पंचवीस.

बाबांनी वही मिटली. "सुमे, झालं आता. आपल्याच्यानं हा वजनात राहत नाही. उद्या तीसचा झाला तं जिन्यावर कोण उचलंन? चंपतमामा शुक्रवारी मौद्याहून येऊन राहिला. शेतावर मोकळा राहीन."

"मामा त्याले साखळीनं बांधन, बाबा. अन् पाय वाकले तं हाकलून देईन."

"मंग काय करू मी? सांग तूच."

दुसऱ्या दिवसापासून सुमतीने डंपरची सकाळची भाकर गुपचूप अर्धी केली. शुक्रवारपर्यंत थोडं तरी उतरू दे. गुरुवारी डंपर उठला नाही. तिने हाक मारली तेव्हा शेपटी एकदा फरशीवर आपटली, बस.

शुक्रवारी तपासणी झाली. प्रेमिला कोपराने ढोसत होती, "बाईचं किती निघते पाहू!" पण आधी सुमतीची पाळी आली. ती काट्यावर चढली, डॉक्टरांनी आकडा सांगितला, आणि ती म्हणाली, "पुन्हा एकदा पाहा नं." त्यांनी पुन्हा पाहिलं. कौशल्याबाई काट्यावर चढायच्या आत सुमती दप्तर उचलून फाटकाबाहेर होती.

घरी चंपतमामा चहा पीत होता. साखळी त्याच्या मांडीवर. आई डंपरची थाळी घासून पिशवीत भरत होती. बाबा खिडकीतून राखेच्या ढिगाकडे बघत होते.

सुमतीने कोणाला काही विचारलं नाही. पिशवीतून थाळी काढली, पातेल्यातलं सगळं दूध तिच्यात ओतलं आणि डंपरच्या तोंडाजवळ धरली.

"सुमे! डॉक्टरनं काय सांगतलं?" बाबा ओरडले.

सुमतीचा आवाज वर्गात होता तसाच खणखणीत निघाला.

"बाबा, डंपर कुठंच जात नाही. त्याचं दूध, अंडं आजपासून पुन्हा त्याले. अन् तुमच्या वहीतले माझे छत्तीस खोडा. तिथं चव्वेचाळीस लिहा."