कळेल अशा भाषेत

"एकही शब्द गाळायचा नाही आणि एकही पदरचा घालायचा नाही," सलीलबाबूंनी कोर्टाच्या व्हरांड्यात विनीताला पुन्हा एकदा बजावलं. गरीब आरोपींसाठी सरकारने नेमलेले ते वकील. हिंदी बोलत, पण बंगाली वळणाने. "आणि केसबद्दल आरोपी बाईला तुम्ही काहीएक विचारायचं नाही. दुभाष्याने फक्त भाषा बदलायची."

विनीताने मान डोलावली. तिचा हात सवयीने गळ्यातल्या ठुशीकडे गेला. डावीकडचा एक मणी चेपलेला होता. धीर सुटायला लागला की तिचं बोट बरोबर तिथे जाऊन बसायचं.

ठुशी सासूबाईंची. तांदळाच्या डब्यात हरवून पुन्हा सापडलेली, म्हणून लाभाची, असं म्हणत त्यांनी ती लग्नात सुनेच्या गळ्यात बांधली होती. सून माहेरचंच आडनाव लावत राहिली, तरी वासंतीबाईंनी कधी नाक मुरडलं नाही. नावं ठेवायला जागा नाही अशी सासू. फक्त नवऱ्याची, हेमंतची, बदली कोलकात्याला झाल्याचं कळलं तेव्हा त्या फोनवर जरा गप्प झाल्या. सासरे निवृत्त होईपर्यंत इथेच बँकेत होते, तेव्हा ओळखीपाळखीचे चार पत्ते तरी मिळतील, असं विनीताला वाटलं होतं. मिळाला तो सल्ला एवढाच, की तिकडे सोनंनाणं घालून हिंडू नकोस.

आज तिने तो मोडला होता, कारण कोर्टातून परस्पर मराठी मंडळाच्या चैत्राच्या हळदीकुंकवाला जायचं होतं. मंडळाचे सेक्रेटरी सुरेशराव यांनीच तिला या कामात ढकललं होतं. वकिलाला मराठी माणूस हवा होता आणि मंडळात कुणी पुढे येईना. चोरीच्या आरोपातली मोलकरीण, त्यात आपली मराठी. आपण मधे पडलो तर शेजारचे काय म्हणतील, असा एकूण सूर. कैरीची डाळ करायला मात्र हव्या त्याहून जास्त जणी तयार होत्या.

महिला पोलिसाने कालिंदीला आणून बाकावर बसवलं. चाळिशीची, हडकुळी बाई, साताऱ्याकडची. चार वर्षं ती कच्ची कैदी म्हणून आत होती. ज्या घरच्यांनी तिला गावाहून कामाला आणलं, त्यांनीच तिच्यावर चोरीची तक्रार केली आणि मग ते शहर सोडून निघून गेले. त्यानंतर एकाही तारखेला ते फिरकले नाहीत. पोलिसांनी सगळा कागद बंगालीत केला, हिने दाखवतील तिथे अंगठे उठवले. जामीन राहायला ओळखीचं कुणी नाही. भारताने मान्य केलेल्या आंतरराष्ट्रीय करारात स्पष्ट म्हटलंय, की आरोपीला कळेल अशा भाषेत त्याचा आरोप त्याला सांगितला पाहिजे. पण तुरुंगात भात, पाणी, औषध एवढीच बंगाली शिकलेल्या या बाईला आपण काय चोरलं म्हणून आत आहोत, हे आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

हे सगळं सलीलबाबूंकडून ऐकलं तेव्हा विनीताला संताप आवरला नव्हता. "अशा लोकांना लाज कशी वाटत नाही?" ती म्हणाली होती.



कालिंदीने तिच्याकडे पाहिलं. "वैनी, मराठी मानसं हायेत व्हय हितं?"

विनीताने सांगितलं, बरीच आहेत, मंडळ आहे, दरवर्षी गणपती बसतो.

"गनपती बी बसतो," कालिंदी स्वतःशीच म्हणाली.

विनीताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार वर्षं आरत्या झाल्या, नाटकं झाली, आणि त्याच शहरात ही बाई आपलं बोलणं समजेल अशा एका माणसाची वाट बघत बसली होती. तोंड लपवावं तर कुठे लपवावं, हे तिला कळेना.

तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, की कालिंदी तिच्या गळ्याकडे टक लावून बघतेय. मान पुढे काढून, निरखून. विनीताला आणखीच शरम वाटली. या उघड्या गळ्याच्या बाईसमोर आपण नटूनथटून बसलोय. तिने पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला आणि ठुशी पार झाकून टाकली. कालिंदी काहीतरी विचारणार होती, पण आतून पुकारा झाला.

मॅजिस्ट्रेट मध्यमवयीन बाई होत्या. बोलणं तुटक, पण चेहरा वाईट नव्हता. त्यांनी विनीताला शपथ दिली आणि आरोप एकेक वाक्य करून इंग्रजीत वाचायला सुरुवात केली.

"तू ज्या घरी कामाला होतीस," विनीता मराठीत सांगू लागली, "त्या घरातून दागिना चोरल्याचा तुझ्यावर आरोप आहे."

दागिन्याचं वर्णन आलं. बारीक सोन्याच्या मण्यांचा, गळ्याला घट्ट बसणारा. एकही शब्द गाळायचा नाही, एवढंच विनीताच्या डोक्यात होतं. "म्हणजे ठुशी," तिने सांगून टाकलं. "मधे लाल खडा. डावीकडचा एक मणी चेपलेला."

पदराआड तिचं बोट आपल्या नेहमीच्या जागी जाऊन बसलं होतं.

"आरोप समजला का, आणि तो कबूल आहे का, ते तिला विचारा," मॅजिस्ट्रेट म्हणाल्या. "ती जे बोलेल ते जसंच्या तसं कोर्टाला सांगा."

विनीताने विचारलं. कालिंदीने तिच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. उलट, एखाद्या ओळखीच्या माणसाला चारचौघांत कसं सांगावं, असा संकोच होता.

"वैनी," ती हळूच म्हणाली, "ती ठुशी तर मगाशी तुम्हीच पदराखाली झाकली."