वाहनसुख

"गाडीचे मालक आपणच का?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"मीच," अभय म्हणाला.

बाईंनी कागद पाहिले, मग चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "आपलं नाव कल्याणी?"

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. अभयने शेजारी उभ्या असलेल्या बायकोचा दंड धरून तिला पुढे केलं. "ही माझी बायको. सही करेल ती. कर गं सही, मला दोनची मीटिंग आहे."

अभयची बदली बंगळूरला झाली होती. वर्षभर तरी तो एकटाच जाणार होता. नव्या हुद्द्याच्या माणसाने तिथे रिक्षासाठी हात दाखवत उभं राहायचं म्हणजे काय, म्हणून गाडी हवीच होती. पण गाडी कायमची दुसऱ्या राज्यात न्यायची, तर पुण्याच्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, आणि अर्जावर सही मालकाची लागते.

मालक कल्याणी होती. ती काही लाडाने झालेली नव्हती. गाडी घेताना अभयच्या आईने, सुशीलाबाईंनी, मुलाची पत्रिका दाखवली. ज्योतिषीबुवा म्हणाले, याला वाहनसुख नाही, नावावर गाडी करू नका. मग सुशीलाबाईंनीच तोड काढली. कागदावर सून, चाकावर मुलगा. "नाहीतरी तिला काय कळतंय गाडीतलं," असंही त्या म्हणाल्या, तिच्या देखत.

पुढे सुशीलाबाईंची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. अभय कंपनीच्या बसने हिंजवडीला जायचा, म्हणून कल्याणी गाडी शिकली. सासूबाई मागच्या सीटवर बसून दवाखाना येईपर्यंत रामरक्षा म्हणायच्या आणि उतरताना सुनेच्या चुका मोजून दाखवायच्या. येताना मात्र त्यांच्यात बोलायचंही त्राण नसे. मागच्या सीटवर आडव्या होत. धायरीचं नाव काढलं की रिक्षावाले मानसुद्धा वळवत नाहीत. गाडी गेल्यावर आईंना न्यायचं कसं, हे कल्याणीने नवऱ्याला कितीदा तरी विचारलं. "रिक्षा करा. लोक करतात," हे त्याचं उत्तर. आईला त्याने 'सगळी सोय केलीय' एवढंच सांगितलं होतं.

कल्याणीने पेन घेतलं.

"आई कशा जाणार?"

"घरी बोलू. सही कर."

"घरी तू बोलतोस कुठे? ओरडतोस."

"लवकर आटपा," बाई म्हणाल्या. "मागे रांग आहे."

कल्याणीने पेन टोपण लावून खिडकीत ठेवलं. "बाई, माझी हरकत आहे."

संगम पुलाजवळच्या आरटीओपासून धायरीच्या घरापर्यंत अभयचं तोंड चालू होतं. तिचा बाप निघाला, तिची अक्कल निघाली, लग्नातलं जेवणसुद्धा निघालं. ती काचेबाहेर बघत राहिली. आज डायलिसिसचा दिवस होता. दारातच सुशीलाबाई पिशवी मांडीवर घेऊन, तयार होऊन खुर्चीत बसल्या होत्या.

"बघ तुझी सून!" अभय दारातूनच कडाडला. "चारचौघांत लाज काढली माझी. मालकीण झालीय गाडीची! आणि का, तर म्हणे तू डायलिसिसला कशी जाणार. मी किती वेळा सांगितलं, रिक्षा करा. आता तूच सांग हिला."

कल्याणी मान खाली घालून उभी राहिली. या घरात आजवर निकाल तिच्या बाजूने कधीच लागला नव्हता.

"रिक्षा," सुशीलाबाई म्हणाल्या. "ही सोय केलीस होय?"

"अगं, तसं नाही..."

त्या खुर्चीचा आधार घेत उठल्या. मुलाच्या हातातली किल्ली काढून त्यांनी सुनेला दिली. तिच्याच खांद्यावर हात टाकून त्या गाडीपर्यंत गेल्या आणि पहिल्यांदाच पुढच्या सीटवर बसल्या. अभय मागोमाग फाटकापर्यंत आला. त्यांनी काच खाली केली.

"ज्योतिषीबुवा खोटं नव्हते बोलले रे. तुला वाहनसुख नाहीच."